शेततळ्याच्या कागदाची गळती शोधणारे पथक : दोन उन्हाळ्यांनंतरचा अभिप्राय

सांगोला तालुक्यातील आमच्या डाळिंबाच्या बागेला पाणी पुरवणाऱ्या शेततळ्याची गळती जानेवारी २०२४ मध्ये एका स्थानिक पथकाकडून शोधून घेतली आणि पुढे दोन टप्प्यांत दुरुस्त करून घेतली. त्यानंतर दोन उन्हाळे गेले असून दुरुस्ती टिकली की नाही हे आता खात्रीने सांगता येते, म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे. या पथकाला नाव नाही आणि पाटीही नाही. एक मिस्त्री, त्याचे तीन सोबती आणि एक छोटा टेम्पो एवढाच त्यांचा पसारा आहे. आमच्या भागातील ठिबक संचाच्या कोणत्याही दुकानात ‘कागद जोडणारे’ अशी चौकशी केली, की असेच एखादे पथक गाठून दिले जाते. त्यामुळे हा अभिप्राय एका पथकाबद्दल असला, तरी अशा कोणाकडूनही काम करून घेताना काय पाहावे, हे त्यातून वाचकाला कळेल.

प्रथम तळ्याविषयी. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ मध्ये आली आणि तिच्यातून आम्ही ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल असे तळे खोदले. बाजूंचा उतार एकास एक असल्यामुळे तळाची लांबी-रुंदी २४ मीटर राहते आणि काठोकाठ भरल्यावर तळ्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. २०१८ मध्ये आम्ही त्याला ५०० मायक्रॉनचा एचडीपीई (जास्त घनतेच्या पॉलिथिलीन प्लास्टिकचा) कागद टाकला. शासकीय कागदपत्रांत याला ‘अस्तरीकरण’ आणि ‘जिओमेम्ब्रेन’ म्हणतात, परंतु गावात कोणीही ‘कागद’ याखेरीज दुसरा शब्द वापरत नाही, म्हणून मीही तोच वापरतो. ५०० मायक्रॉन म्हणजे अर्धा मिलिमीटर. बावीस लाख लिटर पाणी आणि खालची मुरमाड जमीन यांच्यामध्ये एवढाच पडदा असतो, ही गोष्ट गळती लागेपर्यंत कोणाच्या मनात येत नाही.

२०२३ चा पावसाळा आमच्याकडे जवळजवळ कोरडा गेला आणि ऑक्टोबरअखेर शासनाने ज्या चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला त्यांत सांगोलाही होता. विहिरीतून थोडे थोडे उपसून दोन महिन्यांत कसेबसे तळे भरले होते, आणि आंबे बहार, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडी येणारा डाळिंबाचा फुलोरा, धरायचा असल्यामुळे ते पाणी जूनपर्यंत पुरवणे भाग होते. डिसेंबरच्या शेवटी पाण्याची पातळी हिशेबापेक्षा भराभर उतरू लागली. मी आधी मोटरीवर संशय घेतला, मग शेजाऱ्यांवर, आणि शेवटी कागदावर. हा क्रम मला आज लाजिरवाणा वाटतो.

मिस्त्रींना फोन केला तेव्हा ते लगेच निघाले नाहीत, आणि माझ्या मते या सेवेचा पहिला चांगला गुण तोच. त्यांनी फोनवरच सांगितले, “सर, आधी बादली लावा. दोन दिवस ठिबक बंद ठेवा आणि मग मला आकडा सांगा.” बादलीची ही चाचणी सोपी असूनही फारसे कोणी ती करीत नाही. बादली तळ्याच्याच पाण्याने भरून काठाजवळ दोराने अशी टांगायची, की तिचा बराचसा भाग तळ्यात बुडालेला राहील, म्हणजे आतले आणि बाहेरचे पाणी सारखेच तापेल. मग बादलीच्या आत एक खूण करायची आणि तळ्याच्या पातळीलाही एक खूण करायची. बादलीतले पाणी केवळ बाष्पीभवनाने उतरते. तळ्यातले पाणी त्यापेक्षा जितके जास्त उतरेल, तितकी गळती. अठ्ठेचाळीस तासांत बादलीतले पाणी ८ मिलिमीटर उतरले आणि तळ्याचे ५४. मी घाबरून तो आकडा कळवला, तेव्हा त्यांनी विचारले, “पट्टी उभी धरली होती का कागदावर आडवी टाकली होती?” मी ती उतारावर टेकवली होती. एकास एक उतारावर पट्टी टेकवून मोजले, तर प्रत्येक आकडा प्रत्यक्षाच्या सुमारे १.४ पट येतो. गणित शिकवण्यात तीस वर्षे घालवलेल्या माणसाला ही चूक टेम्पोवाल्या मिस्त्रींनी दाखवून द्यावी, हे माझ्या पत्नीला अजूनही फार आवडते. खरा आकडा ३८ मिलिमीटरचा निघाला.

म्हणजे बाष्पीभवन वजा करता दिवसाला १५ मिलिमीटर. त्या वेळी पाणी काठापासून ६० सेंटिमीटर खाली होते, त्या पातळीला पृष्ठभागाचे क्षेत्रफळ सुमारे ८३० चौरस मीटर भरते, आणि त्यानुसार रोज साधारण साडेबारा हजार लिटर पाणी जमिनीत जात होते. आमच्या दोन एकरांत जवळपास सहाशे झाडे आहेत. प्रत्येक झाडाच्या वाट्याचे वीस लिटर पाणी त्याला न मिळता रोज वाया जात आहे, असा त्याचा अर्थ होता. एक सावधगिरी येथेच नोंदवतो : हीच चाचणी एप्रिल-मे महिन्यांत केली, तर आमच्या भागात केवळ बाष्पीभवनानेच रोज ८ ते १० मिलिमीटर पाणी उतरू शकते, त्यामुळे बादलीशिवाय काढलेल्या उन्हाळ्यातल्या आकड्यावरून कागदाला दोष देणे योग्य नाही.

दुसऱ्या दिवशी पथक आले. चौघांनीही चपला टेम्पोतच काढून ठेवल्या, आणि बांधावर येऊन पाण्याकडे न पाहता आधी तळ्याच्या बाहेरच्या बाजूने फेरी मारली. आग्नेय कोपऱ्याच्या पायथ्याशी हरळी आणि लव्हाळा भर जानेवारीत हिरवेगार होते आणि माती दाबली की ओलसर लागत होती. मला वाटले, जागा सापडली. मिस्त्री म्हणाले, “सर, पाणी दिसतंय तितं भोक नसतंय.” कागदाच्या भोकातून निघालेले पाणी कागद आणि माती यांच्यामधून वाट काढत खाली सरकते आणि जेथे भराव सैल असेल तेथे बाहेर पडते, त्यामुळे ओलावा फार तर गळती आहे एवढेच सांगतो, ती कोठे आहे हे सांगत नाही. हे त्यांचे म्हणणे पुढे तंतोतंत खरे ठरले. गळतीच्या दोन्ही जागा त्या कोपऱ्यापासून पंधरा मीटरपेक्षा जास्त दूर निघाल्या.

त्यानंतर त्यांनी मला एक वही घालायला सांगितली. रोज संध्याकाळी सहा वाजता ठिबक बंद झाल्यावर आणि सकाळी सहा वाजता ते सुरू होण्यापूर्वी पातळी मोजायची. रात्री बाष्पीभवन अगदी कमी असते आणि मोटरही बंद असते, त्यामुळे रात्रीचा उतार जवळजवळ निव्वळ गळतीचा असतो. पाणी वाया न घालवता बागेसाठी वापरत राहायचे आणि पातळी आपोआप खाली येऊ द्यायची. भोकाच्या वरचे पाणी जसजसे कमी होते तसतसा त्यावरचा दाब कमी होतो, गळती मंदावते, आणि पातळी भोकाच्या खाली गेली की त्या भोकातून जाणारे पाणी थांबते. बागेतल्या लहान कमळतळ्यालाही हाच नियम लागू पडतो. फरक एवढाच, की तेथे एक-दोन दिवसांत उत्तर मिळते आणि आमच्याकडे दोन आठवडे लागले. पहिल्या रात्री उतार ८ ते ९ मिलिमीटर होता, मग सहा, मग पाच, आणि चौदाव्या रात्री तो तीनवर आला. पुढच्या दोन रात्री तो तीनवरच अडला. तेव्हा पाणी काठापासून बरोबर ११० सेंटिमीटर खाली होते. आकडा घसरत जाऊन स्थिर झाला, परंतु शून्यावर आला नाही. म्हणजे एक गळती या पातळीच्या आसपास उघडी पडली होती आणि दुसरी अजून पाण्याखाली होती.

२१ जानेवारीला पथक पुन्हा आले. आता संपूर्ण हजार चौरस मीटर कागद तपासण्याची गरज नव्हती. पाण्याच्या रेषेच्या वरचा हातभर पट्टा चारही बाजूंनी ओल्या फडक्याने पुसत पुसत पाहायचा होता. अर्ध्या तासात दक्षिण बांधावर हरभऱ्याच्या दाण्याएवढी तीन भोके एकाच ओळीत सापडली. कडा आतल्या बाजूला वळलेल्या होत्या आणि बोट घातले की मागे पोकळी लागत होती. घुशीने बांधाच्या बाहेरून बीळ करत करत कागद गाठला होता आणि तो कुरतडला होता. कागद टाकताना राहून गेलेला अणकुचीदार खडा, तळ्यात पडलेल्या कुत्र्याची नखे, खालून वर घुसणारा लव्हाळ्याचा कोंब आणि घूस अशी कारणांची यादी मिस्त्रींनी बोलता बोलता सांगितली. लव्हाळ्याचा कोंब प्लास्टिक भेदून वर येतो यावर माझा विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी काठाजवळ चरात गाडलेल्या कागदाच्या टोकाशी असा एक कोंब मला दाखवला.

दुरुस्तीच्या बाबतीत त्यांनी जी शिस्त पाळली तिचे मी मनापासून कौतुक करतो, कारण आमच्या तालुक्यात याच कामाचे निम्मे वाटोळे डिंक, डांबर आणि दोन पुड्यांच्या एपॉक्सीने झालेले आहे. पॉलिथिलीनच्या पृष्ठभागावर कोणताही चिकट पदार्थ नीट धरत नाही. तो सुकतो, काही दिवस चिकटल्यासारखा दिसतो आणि पाण्याचा दाब आला की सालपटासारखा सुटतो. एचडीपीई कागदाला ठिगळ लावायचे, तर दोन्ही पृष्ठभाग उष्णतेने मऊ करून एकमेकांत मिसळावे लागतात. मात्र आपला कागद एचडीपीईचाच आहे का, हे आधी पाहणे आवश्यक असते. मिस्त्रींनी काठावरून नखाएवढा तुकडा कापून पाण्याच्या ग्लासात बुडवून सोडला. तो वर येऊन तरंगला. पॉलिथिलीन पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे तरंगते, तर पीव्हीसी किंवा तळ्यासाठी वापरले जाणारे ईपीडीएम रबर बुडते.

भोकांभोवतीचा भाग त्यांनी गोड्या पाण्याने धुतला, कोरड्या फडक्याने पुसला आणि उन्हात वाळू दिला. नंतर बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासून वरची निस्तेज साय काढली. सहा वर्षे उन्हात राहिलेल्या कागदाचा वरचा थर जळून गेलेला असतो आणि तो न काढता मारलेला जोड त्या थरालाच चिकटतो, खालच्या कागदाला नव्हे. तिन्ही भोके सामावून प्रत्येक दिशेला एक वीत पुढे जाईल असे एकच मोठे ठिगळ त्यांनी नव्या कागदातून कापले आणि त्याचे कोपरे गोल केले, कारण चौकोनी कोपरा पाण्याच्या हालचालीने सर्वांत आधी उचलला जातो. त्यानंतर गरम हवेच्या गनने ठिगळ आणि मूळ कागद यांच्या मध्ये हवा सोडत, मागोमाग सिलिकॉनचा छोटा रोलर दाबून फिरवत, आतून बाहेर असे त्यांनी ते जोडत नेले.

प्रत्यक्ष जोडण्याआधी त्यांनी केलेली एक गोष्ट मी अन्यत्र पाहिलेली नाही. काठावरच्या जुन्या कागदाच्या एका टाकाऊ तुकड्यावर त्यांनी तसाच जोड मारून तो थंड होऊ दिला आणि मग पक्कडीने ओढून उकलायचा प्रयत्न केला. पहिला जोड सोलून निघाला. त्यांनी गनची उष्णता वाढवली आणि चाल मंद केली. दुसरा ओढला तेव्हा जोड न सुटता शेजारचा कागदच ताणून फाटला, आणि तेव्हाच ते तळ्याकडे वळले. एचडीपीईची सळई वितळवून त्याचा जाड थर देणारे यंत्रही असते, परंतु अर्ध्या मिलिमीटरच्या कागदावर ते वापरले तर कागदच वितळून भोक मोठे होण्याचा धोका असतो, म्हणून ते त्यांनी सोबत आणलेच नव्हते. शोधायला सोळा रात्री आणि दोन फेऱ्या लागल्या. ठिगळाला चाळीस मिनिटे पुरली. या सेवेचे पैसे ठिगळासाठी नसून शोधासाठी आहेत, हे ज्याला मान्य नाही त्याने त्यांना बोलावू नये, कारण मोबदल्यावरून पुढे वाद होईल.

पाण्याखालच्या दुसऱ्या भोकासाठी त्यांनी फूटव्हॉल्व्हवर, म्हणजे सक्शन पाईपच्या बुडालेल्या टोकाच्या झडपेवर, सुरुवातीपासून संशय घेतला होता. आमचा सक्शन पाईप उतारावरूनच खाली सोडलेला होता आणि त्याच्या टोकाची लोखंडी जाळी मोटर सुरू असताना कागदावर थरथरत राहत होती. वारा सुटण्यापूर्वी, सकाळी पाणी आरशासारखे स्थिर असताना, त्यांनी ठिबकची बारीक मायक्रोट्यूब एका लांब बांबूला बांधली, तिच्या वरच्या टोकाला दुधाने भरलेली सिरिंज लावली आणि खालचे टोक फूटव्हॉल्व्हच्या आजूबाजूला फिरवत थेंब थेंब दूध सोडले. बहुतेक ठिकाणी दूध धुरासारखे घुटमळत राहिले. एका जागी मात्र त्याची पांढरी रेघ सरळ कागदाकडे ओढली गेली आणि नाहीशी झाली. काळ्या कागदावर पांढरे दूध वरूनही स्पष्ट दिसत होते. गढूळ पाण्यात ही युक्ती चालत नाही आणि वाऱ्यातही चालत नाही. या प्रयोगाला आमचे पाव लिटर दूधही संपले नाही.

पाण्याखाली एचडीपीई जोडता येत नाही आणि जानेवारीत तळे रिकामे करणे म्हणजे बहार सोडणे होते. येथे अनेकांनी काहीतरी थातूरमातूर करून पैसे घेतले असते. मिस्त्रींनी सांगितले, की हे काम आता होणार नाही, जूनमध्ये होईल, तोपर्यंत फक्त बुच मारून देतो. फूटव्हॉल्व्ह त्यांनी वर उचलून दोन रिकाम्या कॅनच्या तरंगत्या आधाराला टांगला, त्या जागेवर जुन्या ट्यूबचा रबरी तुकडा, त्यावर कागदाचा तीन फुटी चौकोन आणि त्यावर वाळूची दोन पोती दोराने अलगद सोडली. पाण्याचा दाबच असे झाकण भोकावर दाबून धरतो. पुढच्या रात्री उतार तीनवरून दीड मिलिमीटरवर आला, आणि त्यातला जवळजवळ एक मिलिमीटर तर बाष्पीभवनाचाच होता. बहार निभावला.

आता तक्रारी. त्या किरकोळ नाहीत.

पहिली सुरक्षिततेची. कागद टाकलेले शेततळे हा अत्यंत निसरडा सापळा असतो. ओल्या, शेवाळलेल्या कागदावर पोहता येणाऱ्या माणसालाही पाय रोवता येत नाही, आणि महाराष्ट्रात दर वर्षी शेततळ्यांत बुडून माणसे दगावतात. पथकाकडे गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेल्या दोन ट्यूब होत्या, मिस्त्री स्वतः त्या वापरत होते, परंतु त्यांच्यातला सर्वांत तरुण मुलगा वाळूची पोती सोडताना कमरेला काहीही न बांधता उतारावर उतरला. मी आवाज चढवल्यावर त्याने दोर बांधला. काम देणाऱ्याने आवाज चढवण्याची वेळ येता कामा नये. मी त्यानंतर चारही बाजूंना कायमचे गाठींचे दोर सोडून ठेवले आहेत आणि कुंपणाच्या दाराला कुलूप लावले आहे.

दुसरी तक्रार घुशीच्या बिळाची. त्यांनी कागदाला ठिगळ उत्तम लावले, परंतु त्याच्या मागची पोकळी तशीच ठेवली आणि विचारल्यावर, मातीचे काम आमचे नव्हे, असे उत्तर दिले. पोकळीवर ताणलेल्या कागदावर पाण्याचा भार आला की तो आत ढासळतो आणि नव्या ठिगळाच्या कडांवर ताण येतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. ते काम त्यांचे नसले, तरी ते सांगणे त्यांचे होते. शेवटी आम्ही बांधाच्या माथ्यावरून खणून बीळ मोकळे केले, ओली माती थराथराने घालून धुमसाने ठोकली आणि बाहेरच्या उतारावरचे गवत काढून टाकले.

तिसरी वेळेची. कायमच्या जोडासाठी त्यांनी १ जून ही तारीख दिली होती आणि ते आले ८ जूनला. मेअखेरीस तळे रिकामे झाले होते, गाळ आम्ही लाकडी फावड्यांनी, लोखंड न वापरता, काढून ठेवला होता आणि ७ जूनला मृग लागला होता. त्या सकाळी आभाळ भरून आले होते आणि कागदावर दमट थर होता. त्यांनी काम सुरू करण्यास नकार दिला, दुपारी ऊन पडेपर्यंत ते बांधावर बसून राहिले, आणि ऊन पडल्यावरच गन चालू केली. उशीर त्यांचा होता आणि नकार योग्य होता. रात्री पाऊस आला, तोपर्यंत फूटव्हॉल्व्हच्या जागी दोन बोटे लांबीच्या झिजलेल्या चिरेवर ठिगळ लागलेले होते आणि त्यावर, पुढच्या घर्षणासाठी बळी द्यायला म्हणून, जुन्या कागदाचा आणखी एक सैल थर अंथरलेला होता.

एकूण खर्च ९,८०० रुपये झाला, त्यात तीन फेऱ्यांचे शुल्क, दोन ठिगळे आणि तात्पुरते बुच आले. नवा कागद टाकून घेण्यासाठी मला त्याच वेळी मिळालेले दरपत्रक सव्वा लाखाच्या पुढचे होते, आणि ते देणाऱ्याने तळे पाहण्याआधीच जुना कागद ‘संपला’ असे सांगून टाकले होते. पथकाने मात्र लेखी पावती दिली नाही. आग्रह धरल्यावर वहीच्या पानावर आकडे लिहून सही केली. हमी तोंडी होती, एका वर्षाची. ज्यांना हिशेब ठेवावा लागतो, त्यांनी पावतीचे आधीच ठरवून घ्यावे.

तोंडी हमी त्यांनी पाळली, हेही लिहिणे न्यायाचे आहे. २०२४ च्या पावसात तळे भरले. डिसेंबरमध्ये मी पुन्हा बादली लावली : अठ्ठेचाळीस तासांत बादली ७ मिलिमीटर, तळे ९, आणि या वेळी पट्टी उभी धरली होती. मे २०२५ मध्ये पाणी तळाला गेल्यावर फूटव्हॉल्व्हजवळच्या ठिगळाची एक कड बोटभर उचललेली दिसली. घाईत त्या बाजूचा कोपरा गोल केलेला नव्हता. वर्षभराची मुदत संपायला काही दिवस बाकी होते. फोन केल्यावर मिस्त्री चौथ्या दिवशी आले, कोपरा कापून पुन्हा जोडला आणि पैसे घेतले नाहीत.

पुण्याला राहणाऱ्या माझ्या भावाच्या बंगल्याच्या बागेत कमळांचे लहान तळे आहे आणि त्याचेही पाणी कमी होत होते. मी मिस्त्रींना त्याबद्दल विचारले. अस्तर ताणले जाते आणि रबरासारखे वाटते, एवढे ऐकल्यावर त्यांनी ते काम नाकारले : “ते गरमानं जुळत नाही सर, त्याला त्याचंच औषध आणि त्याचीच पट्टी लागती.” ते बरोबर होते, ईपीडीएम रबर उष्णतेने जोडले जात नाही, त्यासाठी पृष्ठभाग साफ करून प्रायमर लावावा लागतो आणि वर त्याच रबराची चिकटपट्टी दाबावी लागते. पुण्याच्या फेरीचे पैसे सोडून त्यांनी खरे सांगितले. भावाला मी आधी कारंजे दोन दिवस बंद ठेवून पाहायला सांगितले, आणि पाणी उतरणे तेथेच थांबले. अस्तर शाबूत होते. कारंज्याचे तुषार वाऱ्याने कडेच्या फरशीवर पडत होते.

मोठ्या प्रकल्पांत, विशेषतः कचराभूमीच्या अस्तरांसाठी, विजेच्या साहाय्याने भोक शोधण्याची पद्धत वापरली जाते. कागद विद्युतरोधक असतो, म्हणून पाण्यात एक आणि बाहेरच्या ओल्या मातीत दुसरा इलेक्ट्रोड ठेवला, की वीज केवळ भोकातून वाट काढते आणि तेथील विद्युतदाबाचा फरक यंत्राला जाणवतो. आमच्या पथकाकडे असे यंत्र नाही. ज्यांच्या तळ्याची पातळी वर्षभर खाली येऊ देता येत नाही, किंवा गळती तळाच्या मध्यभागी असल्याचा संशय आहे आणि पाणी गढूळ आहे, त्यांना दूध आणि वही यांचा फारसा उपयोग होणार नाही. त्यांनी या पथकावर विसंबू नये.

सध्या आमच्या तळ्याच्या काठाचा, पाण्याबाहेर कायम उन्हात राहणारा दोन फुटांचा पट्टा कडक झाला आहे आणि दुमडला की त्यावर पांढऱ्या रेषा उमटतात. मिस्त्रींनी तो पाहून सांगितले, की यावर ठिगळ धरणार नाही, पट्टाच बदलावा लागेल, पण अजून एक उन्हाळा निघेल. तोवर त्यावर गोणपाट टाकून ठेवा. गोणपाट टाकले आहे. पट्ट्याचे काम पुढच्या मे महिन्यात त्यांच्याकडूनच करून घेणार आहे, मात्र या वेळी तारीख २० मे ठरवली आहे, म्हणजे ते आठवडाभर उशिरा आले तरी मृगाच्या आधी गन चालू होईल.